वन्संची गाण्याची डबी

डबी मीच निवडली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणावर ढकलायला जागा राहायला नको. लोक म्हणतात, अहो, तुम्ही तर चांगल्यासाठीच आणलीत. हो, आणली चांगल्यासाठीच. पण आणल्यावर एक दिवस मी तिचा उपयोग कशासाठी केला, ते लोकांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे आणि वन्संना ठाऊक आहे.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. यजमान गेले, मुलगा नोकरीला पुण्यात, त्यामुळे लक्ष्मी गेटच्या आतल्या आमच्या घरात आम्ही दोघीच म्हाताऱ्या. मी सत्तरीच्या पुढे, त्या ऐंशीच्या पुढे. तुम्हाला वाटेल, झाशीत मराठी बायका कुठून आल्या? आमचे पूर्वज फौजेबरोबर आले, काही दप्तरं सांभाळायला आले, आणि राहिले ते राहिलेच. घरात मराठी, दारात हिंदी, आणि कामवालीशी भांडायचं तर बुंदेली. मी शाळा शिकले ती हिंदीतून. मराठी लिहायला शिकले ती पोथ्या आणि जुने दिवाळी अंक वाचून, तेही लग्नानंतर. तेव्हा माझं लिहिणं बोलल्यासारखंच होतं, चालवून घ्या.

वन्संच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि हळूहळू त्यांचं शिवण गेलं, वाचन गेलं, मग टीव्हीही गेला. दिवस फार मोठा झाला त्यांचा. रेडिओवर इथे मराठी लागत नाही. मुलानं आपला जुना मोबाइल पाठवला, गाणी भरून. पण वन्संची बोटं सुईनं इतकी राठ झालेली, की काच दाबली तरी काही होईना. म्हणायच्या, "ही काच मला ओळखत नाही गं." आणि अभंग रंगात आला की मधेच फोन यायचा, कुठल्याशा कंपनीतली बाई बोलायला लागायची, आणि वन्सं तिला अदबीनं सांगायच्या, "बेटी, थोड़ा रुक जाओ, अभी अभंग चल रहा है." ती बाई काही थांबायची नाही. तिला कसलं थांबायचं, ती भरून ठेवलेलीच बाई.

म्हणून मी मानिक चौकात गेले, बटणांची वस्तू शोधायला. दुकानदारानं तीन प्रकार काढून काचेवर मांडले. एक चांगला विटेएवढा, जुन्या रेडिओसारखा दिसणारा, त्यात गाणी आधीच भरलेली, सगळी हिंदी. एक अगदी पातळ, चकचकीत. आणि एक तळहातात मावेल असा, गुलाबी, त्याला पाच उंचवटे आलेली बटणं, वर भोकं पाडलेला स्पीकर, आणि बाजूला गाण्यांचं कार्ड घालायची फट. मी डोळे मिटले आणि एकेक हातात घेऊन चाचपायला लागले.

"अम्माजी, चक्कर आ रहा है क्या? स्टूल दूँ?"

"नहीं भैया, देख रही हूँ."

"आँख बंद करके?"

"जिनके लिए ले रही हूँ, वो ऐसे ही देखती हैं."

मग त्या बिचाऱ्यानं स्वतःच ती पातळ चकचकीत वस्तू पुढे केली. "यह ले जाइए फिर. इसमें रिकॉर्डिंग भी है. अम्माजी खुद का भजन गाएँ, भर लें, फिर सुनें."

मी ती हातात घेतली. बटणं अंगाबरोबर सपाट, बोटाला काही लागेना. मी म्हटलं, "भैया, हमको रिकॉर्ड क्या करना है? हमको तो सुनना है."

हे वाक्य मला आता स्वयंपाक करताना आठवतं. कणीक मळताना तर हटकून आठवतं.

गुलाबी डबी घरी आली. सुरू करायच्या बटणावर मी मुगाचा एक दाणा गोंदानं चिकटवला, म्हणजे त्यांना बरोबर ते सापडावं. वन्संनी बोट फिरवलं. "कसला दाणा हा?"

"मुगाचा."

"पाणी लागू देऊ नकोस हो, नाहीतर मोड येतील."

त्यांनीच तिचं नाव डबी ठेवलं. कार्ड सुनेनं पुण्याहून भरून पाठवलं होतं. भूपाळ्या, अभंग, जुनी भावगीतं, आणि तिला तेव्हा दिवस गेले होते म्हणून हौसेनं गोळा केलेले पाळणे. चार दिवसांत वन्संना सगळी क्रमवारी पाठ. पुढच्या बटणावर किती वेळा टिचकी मारली की काय लागतं, हे त्यांच्या बोटांनी टाके मोजावेत तसं मोजून ठेवलं. मी पलीकडच्या खोलीत भाजी निवडत बसायची आणि वन्संच्या खाटेवरून गाणी यायची. मध्येच त्यांची दादही यायची, "वा बाई!" त्या कोण कुठल्या गायिकेला. मला फार बरं वाटायचं. खरं सांगते, थोडं सुटल्यासारखंही वाटायचं. आधी दुपारी त्यांच्याजवळ बसावं लागायचं, वाचून दाखवावं लागायचं. आता डबी बसायची.

पण डबीच्याही आधी, वन्सं स्वतः गायच्या, ते सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आमच्याकडे बारशाला पाळणा म्हणायचा तो आत्यानं. नावही कानात सांगायचं ते आत्यानं. वन्संना हा पाळणा त्यांच्या आत्यानं शिकवला, तिला तिच्या आत्यानं. आणि झाशीतल्या बाकीच्या मराठी घरांतून तो कुणाला येईनासा झाला, तशा वन्सं सगळ्यांच्याच आत्या झाल्या. कुणाचंही बारसं असो, रिक्षा पाठवून त्यांना न्यायचे. नऊ कडव्यांचा पाळणा. पहिल्या दिवशी अमुक, दुसऱ्या दिवशी तमुक, असा चढत जाणारा. त्यातली आठ ठरलेली. इथे राहून राहून त्यांत इथलं पाणी मुरलेलं.

तिसऱ्या दिवशी बेतवेचं पाणी
लल्लाला न्हाऊ घाली मताई राणी

लल्ला म्हणजे इथल्या बोलीत बाळ, आणि मताई म्हणजे आई. आणि सातवं तर मुलांचं फार आवडतं:

सातव्या दिवशी मऊरानीपूर
गव्हाची गाडी आली भरपूर

आता पाळण्यात गव्हाची गाडी कशी आली? कुणीतरी पूर्वज तिथे धान्याच्या व्यवहारात होता म्हणे आणि बारशाला गाडी भरून गहू आला होता. तो गहू कधीच संपला, कडवं राहिलं.

आणि नववं कडवं नवं. ते त्या मुलाचं असायचं, त्याच्यासाठी बांधलेलं, बारशापर्यंत कुणाला सांगायचं नाही. वन्सं पाळण्याची दोरी धरून आठवं संपवायच्या, जरा थांबायच्या, आणि सगळ्या बायका कान टवकारायच्या. एका दिवाळीत जन्मलेल्या मुलीला त्यांनी पणतीची वात केलं होतं. एका वकिलाच्या मुलाला, तो फार रडायचा म्हणून, "याची फिर्याद ऐका हो कुणी" असं म्हटलं होतं, तर तो वकील दाराआडून हसला.

माझ्या मुलाचं नववं मी सांगते. मला लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. त्या नऊ वर्षांत काय काय ऐकलं ते आता लिहीत नाही, ऐकवणारी माणसं गेली. बारशाला तीच सगळी माणसं नटूनथटून बसलेली. वन्संनी आठवं संपवलं, थांबल्या, आणि म्हणाल्या:

नवव्या दिवशी नऊ वर्षांनी
दार उघडलं लल्लाच्या पायांनी
वाट पाहिली एकल्या मताईनी
जो बाळा जो जो रे जो

एकल्या म्हणजे एकटीनं. वन्संनी ते पदरात मूल देऊन, माझ्याकडे न बघता, सगळ्यांसमोर म्हटलं. बायका 'जो जो' म्हणायच्या विसरल्या. मी तेव्हा इतकी रडले की आत जाऊन तोंड धुवून आले.

ज्या बाईनं माझ्यासाठी हे केलं, तिच्याशी मी काय केलं ते आता सांगते.

तीन वर्षं झाली, नातू झाला. बाळंतपण पुण्याला, पण मुलगा म्हणाला, नाव झाशीला ठेवायचं, आत्याच्या पाळण्यात. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर सगळे आले. सून, मुलगा, आणि सुनेची आई, म्हणजे माझी विहीणबाई. विहीणबाई पुण्याच्या, शिकलेल्या, बोलणं कसं इस्त्री केल्यासारखं. लग्नात मी पुण्याला उखाणा घेतला होता, त्यात माझ्या तोंडून एक हिंदी शब्द आला आणि मांडवात हशा पिकला. विहीणबाई म्हणाल्या होत्या, "किती गोड बोलता हो तुम्ही!" त्या मनापासून म्हणाल्या असतील. पण मला ते गोड कुठेतरी टोचून बसलं. तेव्हापासून त्यांचा फोन आला की मी आधी मनात वाक्य जुळवून घ्यायची आणि मग बोलायची. हसू नका, खरंच.

बारशाच्या आधी आठ दिवस वन्संनी डबी बंद करून ठेवली. "या डबीतल्या बायकांनी माझा सूर बिघडायला नको." थोडा खोकला होता तर मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध. न्हाणीघरात गेल्या की आतून पुटपुट ऐकू यायची. मी म्हटलं, "वन्सं, नववं झालं का बांधून?" तर म्हणाल्या, "तू आजी. तुला आधी कसं सांगू? बस पाटावर सगळ्यांबरोबर." खूश होत्या. इतकं खूश मी त्यांना डोळे गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

बारशाच्या सकाळी विहीणबाई स्वयंपाकघरात माझ्याशी बोलत बसल्या होत्या. बाळाला मी सहज "मेरा लल्ला" म्हणून उचललं. त्या हसल्या, म्हणाल्या, "लल्ला! अगदी सिनेमातल्यासारखं." एवढंच. बास, माझ्या मनात एकदम सगळा पाळणा उभा राहिला. लल्ला, मताई, ती गव्हाची गाडी. पुण्याहून आलेले त्यांचे आणखी दोन पाहुणे बसणार, आणि आमच्या वन्सं थरथरत्या आवाजात गव्हाची गाडी हाकणार. मला त्या मांडवातला हशा पुन्हा ऐकू आला. आणि मी ठरवूनच टाकलं.

वन्सं तयार होऊन बसल्या होत्या. ठेवणीतली जांभळी साडी, केसांत मोगरा, शेजारच्या मुलीकडून माळून घेतलेला. मी जवळ जाऊन म्हटलं, "वन्सं, तुम्हाला खोकला आहे. तुम्ही आपली दोरी तेवढी धरा. पाळणा डबीवर लावू. सगळ्यांना नीट ऐकूही जाईल."

"खोकला गेला की परवाच."

"उगाच ताण कशाला? भर कडव्यात उबळ आली तर?"

त्यांचा चेहरा माझ्याकडे होता, पण आवाजाच्या जरा बाजूला, तसा तो नेहमीच असतो. केसांतला मोगरा चाचपून म्हणाल्या, "बरं."

पाळणा बांधला, बायका जमल्या. मी डबी घेऊन उभी राहिले आणि मला तो पाळणा काही सापडेना. आधी भूपाळी लागली, मग कुणाचं तरी नाट्यगीत. सगळ्या हसायला लागल्या. मी घामाघूम. तेव्हा वन्संनी हात पुढे केला. डबी माझ्या हातातून घेतली, मुगाचा दाणा चाचपला, बाजूचं बटण टिचक्या मोजत दाबलं, आणि बरोबर पाळण्यावर आणून ठेवली. स्वतःच्या हातानं आपल्या जागी त्या दुसऱ्या बाईला गायला बसवलं. मग दोरी धरली.

डबीतली बाई फार छान गायली. बासरी, तबला, सगळं. पण ती थांबत नव्हती. आमच्याकडे कडवं झालं की बायका 'जो जो' म्हणतात, तेवढं गाणारी थांबते. हिचं कडवं संपायचं की लगेच बासरी, की लगेच पुढचं. आमच्या बायकांनी एकदोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग सगळ्या गप्प ऐकत बसल्या, दवाखान्यात बसतात तशा. शेजारची, जिला मराठीचा एक शब्द कळत नाही पण वन्संचा पाळणा ऐकायला दर वेळी यायची, ती माझ्या कानाशी लागली. "काय जिज्जी, आज बुआ नईं गा रईं?"

"उनको खाँसी है," मी म्हटलं.

मग नाव. वन्सं वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेलं. 'कुर्र' म्हटलं, आणि तशाच वाकून राहिल्या. बराच वेळ. बाळ हातपाय हलवायचं थांबलं होतं. शेवटी विहीणबाई गमतीनं म्हणाल्या, "आत्याबाई, नाव एकच ठेवायचंय ना?" सगळ्या पुन्हा हसल्या. वन्सं सावकाश सरळ झाल्या, नाव मोठ्यानं सांगितलं, आणि "मला जरा खाटेवर नेऊन बसव" म्हणाल्या.

मला वाटलं, झालं, निभावलं. मी पेढे वाटले.

चौथ्या दिवशी पाहुण्यांना पोचवायला स्टेशनवर गेले. गाडीला उशीर होता. बाकावर बसल्या बसल्या विहीणबाई म्हणाल्या, "एक रुखरुख राहिली हो. जावई नेहमी सांगायचे, आमच्या आत्याचा पाळणा ऐकाच म्हणून. त्यात म्हणे गव्हाची गाडी आहे. आमच्याकडे आता कुणाला येतच नाही काही, सगळं मोबाइलवर. मी तेवढ्यासाठी आले होते. पण खोकल्याला काय करणार?"

मी म्हटलं, "हो ना." हशा माझ्याच डोक्यात होता, आणि तो मी पुण्याहून आलेल्या बाईच्या नावावर मांडला होता. गाडी आली, गेली. मी बाकावर तशीच बसून राहिले. एक हमाल विचारून गेला, "अम्मा, किसी को लेने आई हो?"

घरी आले तर डबी चालू. आणि त्या दिवसापासून डबीच चालू. वन्सं रागावल्या असत्या, टाकून बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या उलट त्या पाळण्याचं कौतुक करायच्या. "किती स्वच्छ म्हणते गं ही. शब्द कसे ठसठशीत. आपलं उगाच गावंढळ." हे टोमणे नव्हते. टोमणे मला ओळखू येतात, मी एकत्र कुटुंबात नांदले आहे. त्यांनी ते खरंच मानलं होतं.

दोनेक महिन्यांनी मानिक चौकाकडच्या एका मराठी घरातून बोलावणं आलं. नात झाली, आत्यांना घेऊन जायला रिक्षा आणलीय. वन्सं म्हणाल्या, "मी काय करू येऊन? ही घेऊन जा." आणि डबी पुढे केली. "पुढच्या बटणावर चौदा टिचक्या. हिचं चांगलं आहे माझ्यापेक्षा."

मला वाटलं ते लोक म्हणतील, छे छे, तुम्हीच चला. त्यांनी दोनदा आग्रह केला, आणि मग डबी घेऊन गेले. त्यांनाही घाई होती.

संध्याकाळी डबी परत आली ती ताटलीत. बरोबर नारळ, ओटीचे गहू, खण. पाळणा म्हणणारीचा मान. आणि त्या घरच्या भोळ्या सासूनं, कुणाला लावायचं हे न कळून, डबीलाच हळदीकुंकू लावलेलं. बरोबर स्पीकरच्या वर.

वन्संनी बोट फिरवलं. "हिला काय गं लागलंय?"

मी सांगितलं.

त्या हसल्या. खूप हसल्या, खोकला येईपर्यंत. "बघ, मान मिळाला हिला." मग खण चाचपून म्हणाल्या, "सुईत दोरा ओवून दे." मी दोरा ओवून दिला. आणि त्या दिसत नसलेल्या डोळ्यांनी, नुसत्या बोटांच्या अंदाजानं, वन्संनी त्या खणाची एक थैली शिवली डबीसाठी. गळ्यात अडकवायला नाडीसुद्धा. टाके वाकडे आले. शिवणाच्या बाईंचे टाके वाकडे. त्यांच्या समोर बसून मी ते बघत होते, आणि ओटीचे गहू माझ्या मांडीवर होते.

यानंतर मला एकच ध्यास लागला. नववं कडवं. माझ्या नातवाचं. त्यांनी बांधलं होतं, आठ दिवस न्हाणीघरात घोळवलं होतं, आणि माझ्यामुळे ते म्हटलं गेलं नाही. ते तसंच त्यांच्याबरोबर गेलं तर? आठ कडवी मला येतात, ती मी वहीत उतरवली आहेत. पण नववं त्यांच्याशिवाय कुणाकडेच नाही. मी पुन्हा त्या दुकानात गेले आणि रिकॉर्डिंगवालं मागितलं. "अम्माजी, वह तो अब आता ही नहीं," दुकानदार म्हणाला. सुनेला फोन केला. ती म्हणाली, "आई, तुमच्या फोनमध्येच असतं की ते. तो माइकचा लाल ठिपका दाबायचा." इतकी वर्षं माझ्या उशाशीच होतं!

एका सकाळी, नळाचं पाणी भरून झाल्यावर, कुकर चढवून मी वन्संच्या खाटेवर जाऊन बसले. लाल ठिपका दाबला. फोन उशीपाशी ठेवला.

"वन्सं, तो खोकला खोटा होता," मी म्हटलं. "म्हणजे मी खोटं बोलले. मला लाज वाटली होती. त्या पुण्याच्या बायकांसमोर."

"कशाची?"

"लल्लाची. मताईची. गव्हाच्या गाडीची."

कुकरची एक शिट्टी झाली. वन्सं म्हणाल्या, "अगं, माझा खोकला मला ठाऊक नसेल होय? ते मला तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुझं घर, तुझी विहीण. आणि तू म्हणालीस, तर मला वाटलं, तुला कळतं ते खरं असेल. तू वाचतेस, लिहितेस."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी ते ओढून घेतले नाहीत, आणि उठ असंही म्हणाल्या नाहीत. मग मी म्हटलं, "वन्सं, नववं तेवढं म्हणा. एकदाच. मी भरून ठेवते. तो मोठा झाला की त्याला ऐकवीन."

"त्याचं त्याला दिलं मी."

"कधी?"

"बारशालाच की. नावाच्या आधी, कानात. तुझी विहीण हसली नाही का? पूर्ण कडवं म्हटलं त्याला, जो जो सकट. मी कुणाच्या लेकराचं कडवं ठेवून घेतलेलं नाही कधी."

"पण तो तीन महिन्यांचा होता हो! त्याला काय आठवणार?"

"ते त्याचं तो बघेल."

"मग मला सांगा. मी आजी आहे त्याची."

वन्संनी माझ्या बाजूला चेहरा वळवला. या वेळी बरोबर माझ्याकडे. आवाज अगदी मऊ होता, म्हणून मला तो अजून सोसत नाही.

"तुझं तुला दिलं होतं ना मी," म्हणाल्या. "लाव गं डबी."

मी थैलीतून डबी काढली आणि मुगाचा दाणा दाबला. उठून कुकर बंद करायला गेले, आणि फोन तसाच उशीपाशी राहिला.

वन्सं आहेत अजून. आता फारसं बोलत नाहीत. नातू दिवाळीत येतो, त्यांच्या खाटेवर चढतो, डबीची बटणं दाबतो. मी त्याला एकदा विचारलं, आत्याआजीनं तुझ्या कानात काय सांगितलं होतं रे? त्यानं विचार केला आणि माझ्या कानात जोरात "कुर्र" केलं.

फोनमधलं ते सगळं मी पुसलेलं नाही. वन्सं झोपल्या असल्या की ऐकते. आधी माझाच आवाज, तो खोकला खोटा होता म्हणून सांगणारा. मग कुकर. मग त्या. मग माझी पावलं लांब जातात आणि डबीतली बाई पाळणा म्हणायला लागते, बासरी, तबला. आणि खाली, अगदी बारीक, वन्सं. त्या म्हणत नाहीत, म्हणणारी ती आहे. त्या नुसतं बायकांचं जो जो म्हणतात, मागे बसलेल्या बायका म्हणतात तसं. पण ती बाई थांबत नाही, म्हणून वन्संचं जो जो दर वेळी पुढच्या कडव्यावर पडतं.